धूम्रगंधी चहा

मनुष्याच्या पांच ज्ञानेंद्रियांपैकीं नाकाची जितकी उपेक्षा होते तितकी दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियाची होत नाहीं. डोळ्यांसाठीं चित्रें आहेत, कानांसाठीं गाणें आहे, जिभेसाठीं तर प्रत्येक घरांत स्वयंपाकघर म्हणून एक स्वतंत्र दालनच राखून ठेविलेलें असतें. पण नाकास शिकवावें, चांगल्यावाइटाचा विवेक करण्याची त्यास संवय लावावी, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. देवघरांतील ऊदकापूर आणि पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास, एवढ्यावर आपलें घ्राणशास्त्र आटोपतें. ज्या चहाविषयीं आज आम्ही चार शब्द लिहिणार आहों तो प्रथम नाकाची परीक्षा घेतो व मग जिभेस बोलावतो, म्हणून आरंभींच हें सांगितलें.

चहा म्हटला म्हणजे आपणांपुढें जो पदार्थ उभा राहतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. आधणांत साखर, त्यावर चहाची भुकटी, आल्याचा एखादा तुकडा किंवा गवती चहाची पात, आणि शेवटीं दूध. हें सर्व एकत्र उकळून गाळलें कीं चहा झाला. ह्या पेयाची निंदा करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. भरल्या घरांत पहांटेपासून रात्रीपर्यंत शेगडीवरून न उतरणाऱ्या त्या पातेल्यानें किती रुसवे काढले असतील ह्याची गणति नाहीं. परंतु त्या पातेल्यांत चहाच्या पानाचा स्वतःचा गुण कितीसा उरतो, असा प्रश्न कोणी विचारल्यास उत्तर देणें कठिण पडेल. ज्यांस केवळ भाताची ओळख मसालेभातामुळेंच झाली आहे त्यांस आंबेमोहोराचा वास कसा कळावा?

शिवाय, आज इतका घरोब्याचा झालेला हा पाहुणा आपल्या माजघरांत सुखासुखीं शिरलेला नाहीं. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं पाद्र्यांनीं शहरांतील प्रतिष्ठित मंडळींपुढें चहाबिस्किटें ठेविलीं. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते, आणि नामदार गोखलेहि होते. गोपाळराव जोशी ह्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं, ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि शेवटीं प्रायश्चित्तांपर्यंत मजल आली. खरा वाद चहाचा नसून तो कोणाच्या हातचा ह्याचा होता, हें उघड आहे. तरी पण एका पेल्यानें साऱ्या शहराची झोंप उडवावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. ज्या वस्तूसाठीं आपल्या आज्यापणज्यांनीं इतका त्रास सोसला, तिचें मूळ रूप काय आहे हें एकदां पाहून घ्यावें, एवढीच आमची ह्या लेखांत विनंति आहे.

नांव आणि गांव

इंग्रजी दुकानांत ज्यास ‘लॅपसंग सूचाँग’ म्हणतात तो हा चहा. ह्यांतील ‘सूचाँग’ हा शब्द चिनी ‘श्याओचोंग’ ह्याचें दाक्षिणात्य उच्चारांत झालेलें रूप असून त्याचा अर्थ ‘लहान जात’ असा आहे. चीनच्या राजभाषेंत ह्या चहास ‘चेंगशान श्याओचोंग’ म्हणतात. ‘चेंगशान’ म्हणजे खरा किंवा मूळचा डोंगर. आपल्याकडील मळ्यांत जाड व मोठ्या पानाच्या चहास जी ‘पेको सूचाँग’ ही प्रतवारीची संज्ञा आहे, तींतहि हाच शब्द येऊन बसला आहे. शब्द देशांतर करितात तेव्हां अर्थ थोडा वाटेंत सांडतो, हें भाषेच्या अभ्यासकांस नवें नाहीं.

खुद्द ‘चहा’ ह्या शब्दाचीहि कथा अशीच मनोरंजक आहे. चीनमध्यें एकच अक्षर बहुतेक प्रांतांत ‘छा’ असें व अमॉय बंदराकडे ‘ते’ असें उच्चारितात. खुष्कीच्या मार्गानें गेलेला ‘छा’ इराणांत व उत्तर हिंदुस्थानांत ‘चाय’ झाला, पोर्तुगीजांनींहि मकावकडून तोच उच्चार उचलला; आणि डचांच्या गलबतांतून गेलेला ‘ते’ इंग्रजांकडे ‘टी’ झाला. म्हणजे ‘चहा’ व ‘टी’ हे एकाच आईचे दोन मुलगे होत. एक डोंगर ओलांडून गेला व दुसरा समुद्र ओलांडून गेला, इतकाच भेद.

ह्या चहाचें गांव चीनच्या आग्नेयेस फुजियान प्रांतांत आहे. त्या प्रांताच्या वायव्य सीमेवर वूयी नांवाची पर्वतराजी असून तिच्या आंतल्या भागांत, समुद्रसपाटीपासून सुमारें हजार मीटर उंचीच्या प्रदेशांत, तोंगमू नांवाचें खेडें वसलेलें आहे. भोंवतीं दाट अरण्य, बांबूचीं बनें, बारमाही धुकें आणि भरपूर पाऊस. हा सर्व प्रदेश आज संरक्षित आहे. वूयी पर्वतास १९९९ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, आणि २०२१ सालीं चीन सरकारनें तेथें राष्ट्रीय उद्यान स्थापिलें. ‘वूयी’ ह्याच नांवाचा स्थानिक उच्चार कानीं पडून युरोपियनांनीं ‘बोही’ हा शब्द केला, व अठराव्या शतकांत काळ्या चहाचें तेंच सामान्य नांव होऊन बसलें. १७७३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बोस्टन बंदरांत लोकांनीं चहाच्या तीनशेंहून अधिक पेट्या समुद्रांत फेंकून दिल्या व एका राज्यक्रांतीचा पाया घातला. त्यांपैकीं बहुतेक पेट्या ह्या बोही चहाच्याच होत्या.

धुराची क्रिया

तोंगमूच्या चहास धूर कसा लागला ह्याविषयीं तेथें एक आख्यायिका सांगतात. मिंग राजवटीच्या अखेरीस किंवा चिंग राजवटीच्या आरंभीं, म्हणजे सतराव्या शतकांत, चहाच्या ऐन हंगामांत एक सैन्य गांवांत येऊन उतरलें. लोक घरें सोडून डोंगरांत पळाले. सैन्य निघून गेल्यावर परत येऊन पाहतात तों खुडलेलीं पानें तांबूस पडून चिकट झालेलीं. टाकून द्यावीं तर वर्षाची भाकरी बुडते. म्हणून त्यांनीं तीं घाईघाईनें पाइनच्या लांकडांच्या जाळावर वाळविलीं व दूरच्या बाजारीं नेऊन स्वस्तांत विकलीं. पुढल्या वर्षीं गिऱ्हाईक तोच माल मागूं लागलें! ही कथा इतिहास म्हणून नव्हे, आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु काळा चहा जगांत प्रथम ह्याच डोंगरांत तयार होऊं लागला हें मत सामान्यतः मान्य आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हिरवा चहा व काळा चहा हीं दोन निराळीं झाडें आहेत असा युरोपांत बराच काळ समज होता. झाड एकच, भेद क्रियेचा. पान खुडल्यावर लगेच तापवून त्यांतील पाचकद्रव्यें निष्क्रिय केलीं म्हणजे हिरवा चहा होतो. तेंच पान कोमेजवून, हातानें किंवा यंत्रानें वळून, त्याचा रस हवेंत उघडा पडूं दिला म्हणजे प्राणवायूच्या संयोगानें तें तांबूस होतें, त्यांत थिआफ्लेविन व थिआरुबिजिन हीं रंगद्रव्यें तयार होतात, व काळा चहा होतो. ह्या क्रियेस व्यवहारांत ‘आंबविणें’ म्हणतात. पण दही किंवा इडलीच्या पिठाप्रमाणें येथें जंतूंचें काम नसतें, चिरलेलें सफरचंद तांबडें पडतें त्यांतलाच हा प्रकार आहे. चिनी लोक तर ह्यास काळा न म्हणतां ‘तांबडा चहा’ म्हणतात. आपण पान पाहून नांव ठेविलें, त्यांनीं पेल्यांतील रंग पाहून ठेविलें.

तोंगमूचें वैशिष्ट्य असें कीं तेथें ह्या क्रियांस धुराची जोड दिलेली असते. वसंताच्या अखेरीस पानें खुडतात, आणि त्या दिवसांत तेथें ऊन असें मिळतच नाहीं. म्हणून लांकडाची एक बहुमजली इमारत बांधतात. तिला ‘छिंगलौ’ म्हणतात. खालीं पाइनचीं लांकडें जळत असतात व त्यांची ऊब आणि धूर फटींच्या तक्तपोशींतून मजल्यामजल्यानें वर चढत असतो. वरच्या मजल्यांवर चटयांवर पसरलेलीं हिरवीं पानें त्या उबेनें कोमेजतात. तीं वळून, तांबडीं होऊं देऊन, तप्त कढईंत थोडा वेळ परतून पुन्हां वळतात, आणि अद्याप ओलसर असतांनाच बांबूच्या चाळण्यांवर घालून धुरावर वाळवितात. ओलें पान धूर शोषून घेतें; तोच त्याच्या अंगीं मुरतो.

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान न्यायशास्त्राच्या पहिल्याच पाठांत विद्यार्थ्यास शिकवितात. ह्या चहाच्या पेल्यांत तेंच अनुमान नाकानें करतां येतें; कारण धुरावरून नुसता अग्नीच नव्हे तर लांकूडहि ओळखूं येतें. लांकडांतील लिग्निन जळून ग्वायाकॉल व तत्सम द्रव्यें होतात, त्यांचा धुरकट वास. आणि पाइनच्या राळेंतून लाँगिफोलिन व टर्पिनिऑल हीं द्रव्यें येतात, त्यांचा राळेसारखा गोडसर वास. ह्यांपैकीं लाँगिफोलिन हें नांव आपल्या हिमालयांतील चीर वृक्षाच्या ‘पायनस लाँगिफोलिया’ ह्या जुन्या शास्त्रीय नांवावरून पडलेलें आहे, व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत काम केलेले ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ सुख देव ह्यांनीं त्या द्रव्याच्या रसायनावर पुष्कळ संशोधन केलें. चीनच्या पेल्यांतील वासाचें नांव हिमालयाचें निघावें व त्याचा अभ्यास पुण्यास व्हावा, ही गोष्ट विद्येस सीमा नसतात ह्याचें उत्तम उदाहरण होय.

चहाची किंमत

ह्या सुगंधी पानांचा इतिहास मात्र सर्वस्वी सुगंधी नाहीं. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपियन व्यापाऱ्यांस चीनमध्यें कँटन हें एकच बंदर मोकळें होतें. फुजियानच्या डोंगरांतील चहा हमालांच्या खांद्यांवरून व नावांतून शेंकडों मैलांचा प्रवास करून तेथें जात असे. इंग्रजांस चहा हवा होता, पण चीनला इंग्रजी मालाची फारशी गरज नव्हती. तेव्हां चांदी मोजावी लागे. ही चांदी वांचविण्यासाठीं हिंदुस्थानांतील अफू चीनमध्यें ओतण्यांत आली. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई व माळव्याची अफू आपल्या मुंबईहून. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्यासारख्या मुंबईच्या मोठ्या पेढ्यांची भरभराट ह्याच चीनच्या व्यापारांत, कापूस व अफू ह्यांच्या निर्यातींत झाली, आणि त्या द्रव्यांतून रुग्णालयासारखीं लोकोपयोगी कामेंहि उभीं राहिलीं. दान खरें, व्यापारहि खरा. इतिहासाच्या वहींत जमा व खर्च दोन्ही बाजू वाचाव्या लागतात.

अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ च्या नानकिंगच्या तहानें फुचौसह पांच बंदरें उघडलीं. पुढें फुचौहून नव्या हंगामाचा चहा प्रथम लंडनास कोण पोहोंचवितो ह्याच्या शर्यती लागूं लागल्या. १८६६ सालीं निघालेलीं तीन शिडाचीं जहाजें ९९ दिवसांनीं एकाच दिवशीं लंडनास लागलीं. ह्याच सुमारास चीनच्या मक्तेदारीसहि धक्का बसत होता. ईस्ट इंडिया कंपनीनें रॉबर्ट फॉर्च्यून नांवाच्या वनस्पतिज्ञास १८४८ सालीं चीनमध्यें पाठविलें. त्यानें चिनी वेष धारण करून वूयीच्या डोंगरापर्यंत प्रवास केला आणि हजारों रोपें व कांहीं कसबी कारागीर हिमालयाच्या मळ्यांकडे रवाना केले. आसामांत स्थानिक जातीचा चहा त्यापूर्वींच सांपडला होता. तरी दार्जिलिंगच्या उंच मळ्यांत आजहि चिनी जातीचीं झुडपें उभीं आहेत. दार्जिलिंगचा चहा म्हणजे ह्या धूम्रगंधी चहाचा, धूर न खाल्लेला, दूरचा भाऊबंद होय असें म्हणावयास हरकत नाहीं.

करण्याची रीति

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिला नियम असा कीं हीं पानें पाण्यांत उकळूं नयेत. उकळल्यानें त्यांतील तुरटपणा सर्व उतरतो व धुराचा वास डांबरासारखा उग्र होतो. दुसरा नियम, पहिला पेला तरी दुधावांचून घ्यावा. दूध हा उदार पदार्थ आहे. तो सर्वांचे दोष झांकतो व त्याबरोबर गुणहि झांकतो.

पाणी ताजें व मृदु असावें. क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यानें रंग काळवंडतो व वर साय धरल्यासारखी दिसते. पाण्यास चांगलें आधण आलें म्हणजे त्यांतील थोडें चिनी मातीच्या चहादाणींत घालून ती आंतून ऊन करून घ्यावी व तें पाणी टाकून द्यावें. मग दर पेल्यास, म्हणजे सुमारें १८० मिलिलिटर पाण्यास, अडीच ग्रॅम पानें घालावीं. आमच्या पिढीच्या वाचकांसाठीं सांगतों, हें वजन जुन्या मापानें अडीच माशांच्या जवळपास येतें. पानें लांबट व हलकीं असल्यामुळें चमच्याचें माप फसवें ठरतें. सपाट चमच्यांत तीं कमीच येतात, म्हणून शीगभर घ्यावीं. त्यांवर आधणाचें पाणी ओतून झांकण ठेवावें व तीन ते चार मिनिटांनीं सर्व पाणी गाळून घ्यावें. पानें पाण्यांत तशींच राहूं दिलीं तर दुसरा पेला कडू होतो.

चिनी लोकांची घरगुती रीति ह्याहून निराळी आहे. ते झांकणाच्या लहान वाटींत, सुमारें शंभर मिलिलिटर पाण्यास पांच ग्रॅम पानें घालतात व दहा-पंधरा सेकंदांतच पहिलें पाणी गाळून घेतात. मग पुन्हां पाणी, पुन्हां गाळणें, असें पांचसहा वेळां, दरवेळीं थोडा वेळ वाढवीत. ह्या रीतीचा लाभ असा कीं पहिल्या दोन पाण्यांत धूर पुढें असतो, तिसऱ्यापासून तो मागें सरतो व पानाची स्वतःची गोडी वर येते. एकाच पानाचें बाल्य, यौवन व वार्धक्य क्रमानें पाहावें तसें हें आहे.

सांठवणीविषयीं एकच सूचना. हा चहा घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत, मिसळणाच्या डब्यापासून व हिंगापासून दूर, आणि रोजच्या चहापासूनहि दूर ठेवावा. तो दुसऱ्याचा वास घेतो व आपला वास दुसऱ्यास देतो. एका कपाटांत आठ दिवस ठेविल्यास घरचा साधा चहाहि धुरकटेल.

चाखण्याची रीति

व्यवसायानें चहा चाखणारे लोक तुलनेसाठीं एक ठरीव प्रमाण पाळतात. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकांत तें शंभर मिलिलिटर पाण्यास दोन ग्रॅम चहा व सहा मिनिटें असें दिलेलें आहे. तो चहा पिण्यासाठीं नसून दोष शोधण्यासाठीं कडक केलेला असतो. घरीं इतकें कडक होण्याचें कारण नाहीं. पण क्रम मात्र त्यांचाच घ्यावा. प्रथम कोरडें पान पाहावें व हुंगावें. मग गाळल्यावर उरलेलें ओलें पान हुंगावें. मग पेल्यांतील रंग उजेडांत पाहावा. उत्तम चहाचा रंग स्वच्छ तांबूस, मधाकडे झुकणारा असतो. नंतर एक घोट मोठ्यानें भुरका मारून घ्यावा. पंक्तींत जो भुरका असभ्य समजतात तोच येथें शास्त्रोक्त आहे. कारण त्यायोगें हवेबरोबर वास घशामागील वाटेनें नाकांत चढतो. आपण ज्यास चव म्हणतों तींतील मोठा भाग ह्या वाटेनें येतो. मुलांस हें पटवावयाचें असल्यास नाक चिमटींत धरून एक घोट घ्यावयास सांगावें. केवळ तुरट ऊन पाणी लागेल. नाक सोडतांच धूर प्रकट होतो.

फार ऊन चहा मात्र पिऊं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१६ सालीं ६५ अंशांहून अधिक उष्ण पेयें अन्ननलिकेस बहुधा अपायकारक ठरविलीं आहेत. आणि थोडा निवल्यावर चवहि अधिक कळते.

आमचा एक जुना विद्यार्थी व्यापारानिमित्त चीनकडे जातयेत असतो. त्यानें आणून दिलेल्या डबीवर आमच्या घरीं जी परीक्षा झाली तिचा वृत्तान्त वाचकांस उपयोगी पडेल. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. मतेंहि जवळजवळ अकरा. थोरल्या वहिनींनीं पेला नाकाजवळ नेतांच सांगितलें, “भावजी, हा चहा नव्हे, पाणी तापवायचा बंब आहे!” धाकट्या सूनबाईंस भरताच्या वांग्याची आठवण झाली. चिरंजिवांनीं शांतपणें पेला संपवून नुसतें “हूं” म्हटलें व दुसरा मागितला. नातवानें विचारलें, “आजोबा, ह्यांत होळीची राख घातली आहे का?” आमच्या कुटुंबानें मात्र दोन घोट घेऊन डोळे मिटले व म्हटलें, “माहेरीं पावसाळ्यांत चुलीच्या वैलावर दूध आटत असे, तेव्हां सबंध घराला असा वास येई.” एका वस्तूस पांच जणांनीं पांच नांवें दिलीं, व त्यांपैकीं एकहि खोटें नव्हतें. वासाचा कोश प्रत्येकाचा निराळा असतो. त्यांतील शब्द आयुष्यानें लिहिलेले असतात.

चिनी रसिक ह्या चहाचें वर्णन करितांना पाइनच्या धुराचा गंध व वाळविलेल्या लाँगन फळाच्या काढ्याची गोडी असें म्हणतात. लाँगन हें लिचीच्या कुळांतील फळ आहे. आपल्याकडे मनुका किंवा खारीक उकळलेल्या पाण्याची गोडी त्याच्या बरीच जवळ जाते. धूर पुढें व सुक्या फळाची गोडी मागें, असा अनुभव आला तर चहा चांगला समजावा. नुसती राख, नुसतें डांबर, घशास खरखर, आणि मागें कांहीं नाहीं, असें वाटल्यास तो हलका समजावा.

खरा व नकली

हा भेद कां पडतो तें सांगणें अवश्य आहे. तोंगमूच्या हद्दींत होणारा तो ‘मूळ डोंगराचा’, व बाहेर इतरत्र होणारा तो ‘बाहेरच्या डोंगराचा’, असा भेद चिनी व्यापारी पूर्वापार करीत आले आहेत. बाहेरील मालांत पुष्कळदां जाडेंभरडें पान घेऊन त्यास मागाहून जोराचा धूर देतात. परदेशीं दुकानांत स्वस्तांत मिळणारा चहा बहुधा ह्याच जातीचा. कित्येक ठिकाणीं तर धूर न देतां धुराचा कृत्रिम अर्कच मिसळतात. मीठ अधिक पडलें म्हणजे भाजी कशी आहे हें कळत नाहीं, तसेंच येथें होतें.

गंमत अशी कीं खुद्द तोंगमूंतहि धुराचें प्रमाण कमी होत चाललें आहे. ह्याचीं कारणें तीन. पहिलें, संरक्षित अरण्यांत पाइनची तोड सहजासहजीं करतां येत नाहीं. दुसरें, चीनमधील श्रीमंत गिऱ्हाइकांस धुराविना, केवळ कोवळ्या कळ्यांचा चहा अधिक प्रिय झाला. २००५ सालीं तोंगमूंतच निघालेल्या ‘जिन जुन मेई’ नांवाच्या बिनधुराच्या चहानें ह्या आवडीस मोठी चालना दिली. तिसरें कारण आरोग्याचें. लांकडाच्या धुरांत अँथ्राक्विनोन वगैरे अपायकारक द्रव्यें असतात, व युरोपीय संघानें चहांतील अँथ्राक्विनोनची मर्यादा किलोमागें ०.०२ मिलिग्रॅम इतकी अल्प ठेविली आहे. खऱ्या धुरावर वाळविलेल्या चहास ही मर्यादा पाळणें फार अवघड जातें. म्हणून तीनशेंहून अधिक वर्षांची एक कारागिरी आज कात्रींत सांपडली आहे. नियम चुकीचा म्हणवत नाहीं, आणि ती कला जावी असेंहि वाटत नाहीं.

ह्या प्रश्नाचा निवाडा आपण काय करावा? आमच्या अल्प बुद्धीस सुचतें तें असें. रोज चारदां पिण्याचा हा चहा नव्हेच. पावसाळ्यांत एखाद्या संध्याकाळीं, घरांतील चार माणसें एकत्र बसलीं असतां, लहान पेल्यांतून चाखण्याचा तो पदार्थ आहे. असा क्वचित् घेतल्यानें देहास मोठें भय नाहीं, आणि उत्तम माल थोडा घेतला म्हणजे करणाऱ्याच्या कलेसहि आधार मिळतो. कसब टिकतें तें मुबलक स्वस्त मालाच्या खपावर नव्हे, तर पारखून थोडें घेणाऱ्या गिऱ्हाइकावर. पैठणीपासून तंबोऱ्यापर्यंत आपल्याकडेहि हाच अनुभव आहे.

पण धुराविषयीं लिहितांना एक गोष्ट मनांतून जात नाहीं. पेल्यांतील धूर आपणांस काव्यमय वाटतो, कारण तो पेल्यापुरताच आहे. तोंगमूच्या त्या लांकडी इमारतींत हंगामभर जो कामकरी धुरांत वावरतो त्याच्या डोळ्यांस तो काव्यमय वाटत नसेल. आणि आपल्या मातांनीं व आज्यांनीं ओल्या लांकडांपुढें बसून फुंकणीनें जन्मभर जो धूर गिळला, त्याचा हिशेब कोणी ठेविला? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें स्वयंपाकघरांतील धुरामुळें व तत्सम घरगुती हवेच्या दोषानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं. त्यांत बायकामुलांचाच भाग मोठा. आपल्या देशांत २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें कोट्यवधि घरांत गॅसची जोडणी पोहोंचली हें खरें. पण सिलिंडर भरण्याची ऐपत नसल्यानें पुन्हां चुलीकडे वळलेलीं घरें खेडोपाडीं अजून पुष्कळ आहेत.

म्हणून ज्यांच्या घरीं आज धूर केवळ आठवणीपुरता उरला आहे, त्यांनीं ह्या चहाचा पेला हातीं घेतांना दोन गोष्टी कराव्या असें आम्हांस वाटतें. घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीस तो प्रथम द्यावा व तिला काय आठवतें तें विचारावें. तिच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असतें, विचारणारेच थोडे असतात. आणि आपल्या घरीं काम करावयास येणाऱ्या बाईंच्या घरीं अद्याप चूल पेटते कीं काय, ह्याची चौकशी करून, पेटत असल्यास एका सिलिंडरचा भार आपण उचलावा. धूर पेल्यांत असावा, फुफ्फुसांत असूं नये.

असो. आम्हांस जें ठाऊक होतें तें निवेदन केलें. पावसाळा तोंडावर आला आहे. ज्या वाचकांस हा चहा मिळेल त्यांनीं तो दुधावांचून, सावकाश, नाक जागें ठेवून घ्यावा. आवडला तर उत्तमच; न आवडला तरी शेगडीवरील पातेलें कोठें गेलेलें नाहीं.